धानाची रोवणी आणि पाठीचा बाक

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका हा धानाचा मुलूख. असोलामेंढा तलावाच्या पाण्यावर आणि पावसावर येथील बांध्या पिकतात. रोवणी, निंदण व कापणी ही तिन्ही कामे वाकून करावयाची असून त्यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. उतारवयातील वाकलेली पाठ हा वयाचा धर्म समजला जातो. परंतु तिची काही कारणे कामाच्या रीतीतच असतात.

माणूस ताठ उभा असता धडाचा भार कण्यावरून सरळ खाली उतरतो. कमरेत वाकताच तो पुढे जातो व पाठीच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. स्नायू थकले की ताण कण्याचे बंध व मणक्यांमधील चकत्या यांवर येतो. फार वेळ ताणलेले बंध उभे राहताक्षणी पूर्ववत होत नाहीत. म्हणून रोवणीतून उठून लगेच पऱ्ह्यांचा ओला भारा उचलणे धोक्याचे असते. आधी धुऱ्यावर यावे, हात कमरेवर ठेवून पाठ सावकाश मागे न्यावी, चार पावले चालावे. मग गुडघे वाकवून, भारा अंगाजवळ धरून उचलावा. भारे लहान बांधावेत. फावड्याचा दांडा आखूड नसावा.

ओळीत रोवणी केल्यास निंदणाऐवजी लांब दांड्याचे कोळपे उभ्याने चालविता येते. चिखलणी केलेल्या सपाट बांधीत मोड आलेले बी ड्रम सीडरने पेरल्यास रोवणीच टळते. मात्र पाण्याचा निचरा व तणाचा बंदोबस्त चोख हवा.

प्रत्येक बाक कामामुळेच येतो, असे मात्र नाही. वृद्धपणी हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात. मणक्याच्या क्षयरोगानेही कुबड येते. दीर्घकाळ पाठदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. पायांतील शक्ती कमी झाल्यास किंवा लघवीवरील ताबा सुटल्यास त्याच दिवशी जावे.

ठेक्याच्या रोवणीत मजुरी एकरावर ठरते. त्यामुळे क्षणभर थांबणेही बाईला महाग वाटते. ठेका ठरवितानाच अर्ध्या तासागणिक दोन मिनिटांची उसंत शेतकऱ्याने हिशेबात धरावी. धान दर हंगामी रोवता येते. कणा मात्र जन्मभर एकच पुरवावा लागतो.