वाढदिवसाची स्मरणवही

नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर या तारखेचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड होऊन बरोबर एक महिना लोटला होता. १९४२ सालच्या त्या दिवशी आपल्या गावातील मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. मुलींच्या दिशेने बंदूक रोखली जाताच शिरीषकुमार पुढे झाला आणि ‘गोळी मारायची तर मला मार’ असे म्हणाला, ही कथा नंदुरबारच्या घराघरांत आजी-आजोबांनी नातवंडांना सांगितली आहे. माणिक चौकातील स्मारकापुढून जाताना आजही अनेकांचे हात आपसूक जोडले जातात.

याच मुलाची दुसरी एक तारीख आहे. २८ डिसेंबर १९२६. हा त्याचा जन्मदिवस. गुजराती बोलणाऱ्या व्यापारी घरात तो जन्मला आणि त्याच्या वाट्याला अवघे पंधरा वाढदिवस आले. सोळाव्याला चार महिनेही उरले नव्हते. २८ डिसेंबर २०२६ रोजी त्याच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण होतात. त्याच्या अखेरच्या तासाचा तपशील आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु त्याआधीच्या पंधरा वर्षांविषयी आपल्यापैकी किती जणांना चार वाक्ये सांगता येतील? त्याला ताटात काय आवडत असे, तो कोणाची थट्टा करी, आईचा ओरडा कशावरून खाई, पेढीवर बसायला सांगितले की त्याचा चेहरा कसा होई, हे ज्यांनी पाहिले ती पिढी जवळजवळ काळाच्या पडद्याआड गेली आहे. त्याच्या मृत्यूचा दिवस साऱ्या गावाने जपला. जन्माचा दिवस आणि त्यासोबतच्या साध्यासुध्या आठवणी जपणे मात्र फार थोड्यांना सुचले.

वाचकहो, हुतात्म्यांच्या बाबतीत जे घडले तेच आपल्या घराघरांत नित्य घडत असते. वडीलधारे गेले की आपण पुण्यतिथी पाळतो, तसबिरीला हार घालतो, त्यांच्या नावे दानधर्म करतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ते हयात असताना त्यांच्या वाढदिवशी आपण काय करतो? मेणबत्त्या, छायाचित्रे, मोबाइलवर आलेल्या शुभेच्छांची माळ, आणि रात्री उशिरापर्यंत चाललेले जेवण. ज्यांचा दिवस असतो ते दादाजी किंवा बा एका खुर्चीत स्मितहास्य करीत बसून राहतात. त्यांना कोणी काही विचारीत नाही आणि त्यांच्याविषयीही कोणी काही सांगत नाही. वाढदिवस पार पडतो. एक वर्ष वाढते आणि त्या वर्षासोबत सांगण्यासारखे बरेच काही न सांगताच निघून जाते.

जन्मवाचनाचा संस्कार

प्रिय व्यक्तीचा जन्मदिवस सामूहिक स्मरणाने साजरा करणे आपल्याला मुळीच नवे नाही. किंबहुना आपल्या समाजाइतका हा संस्कार क्वचितच कोणी जपला असेल. भगवान महावीरांचे जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते. तरीही श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणाच्या पाचव्या दिवशी पुन्हा एकदा महावीर जन्मवाचन होते. कल्पसूत्रातील जन्मप्रसंग गुरुमहाराज वाचतात, त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचे दर्शन होते, पाळणा झुलतो, आणि ज्याने ही कथा पन्नास वेळा ऐकली आहे तो वृद्ध श्रावकही ती नव्याने ऐकतो. मांडीवरचे बाळ ती पहिल्यांदा ऐकते. एकच जन्म, पण ऐकणाऱ्या पिढ्या चार.

या ग्रंथाच्या सार्वजनिक वाचनाविषयी परंपरा एक हृद्य कथा सांगते. आनंदपूर, म्हणजे आजचे गुजरातमधील वडनगर, येथील राजा ध्रुवसेन पुत्रशोकात बुडालेला असताना त्याला धीर यावा म्हणून कल्पसूत्राचे सभेत प्रथम वाचन झाले. तोवर हे वाचन साधुसमुदायापुरतेच मर्यादित होते. शोकाकुल घरात जन्माची कथा वाचली गेली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्मरण एकट्याने केले तर ते पुष्कळदा दुःखच वाढविते. चौघांनी मिळून केले तर तेच आधार होते.

तीर्थंकरांच्या जन्माची आणि संसारी माणसाच्या जन्माची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. घेण्यासारखी आहे ती पद्धत. वर्षातला एक दिवस ठरलेला, सर्वांनी एकत्र बसणे ठरलेले, एकाने सांगणे आणि बाकीच्यांनी ऐकणे ठरलेले. या तीन गोष्टी घरातील वाढदिवसाला लाभल्या तर आणखी काही लागत नाही.

एका व्यापाऱ्याची अर्धी कहाणी

आपण व्यापारी माणसे, लिहिणे हे आपले काम नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला बनारसीदासांचे उदाहरण द्यावे. १५८६ साली जौनपूरच्या श्रीमाळ जैन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून, वयाची ५५ वर्षे पूर्ण होताच, १६४१ साली आग्रा येथे त्यांनी आपली जीवनकथा पद्यात लिहून काढली आणि तिला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत तिची गणना होते. म्हणजे आपल्या देशातील आत्मचरित्राच्या परंपरेच्या आरंभी एका जैन व्यापाऱ्याने आपल्या अर्ध्या वाटेवर मांडलेला आयुष्याचा जमाखर्च आहे.

त्यात काय आहे? आजोबा मूलदास यांच्यापासूनची घराण्याची हकिकत आहे. व्यापारात आलेली खोट आहे, नाडीत बांधून ठेवलेला ऐवज कसा हरवला ते आहे, नऊ अपत्ये होऊन एकही न वाचल्याचे दुःख आहे. आणि आग्र्याचा एक कचोरीवाला आहे. हातात पैसा उरला नसताना बनारसीदास त्याच्याकडे उधारीवर खात असत. आपल्यापाशी काही नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले, तेव्हा तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. महिनोन्महिने खाऊन अखेर हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो चुकता केला गेला. त्या काळच्या कितीतरी लक्षाधीश सराफांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. परंतु त्या कचोरीवाल्याचे औदार्य पावणेचारशेहून अधिक वर्षे टिकून आहे, कारण ज्याचे भले झाले त्याने ते नोंदवून ठेवले.

आयुष्याचा दुसरा अर्धा भाग बनारसीदासांना लाभला नाही. पुढे दोनेक वर्षांतच त्यांचे देहावसान झाल्याचे मानले जाते. पुढच्या वाढदिवशी पाहू, असे म्हणून ते थांबले असते तर काय उरले असते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

कोणत्या आठवणी विचाराव्यात

आमच्या खानदेशातील व्यापारी कुटुंबांपाशी सांगण्यासारखे थोडे नाही. कोणी मारवाडातून आले, कोणी गुजरातेतून. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या गावी उतरून कोणी कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन खेडोपाडी फिरले, कोणी धान्याची आडत थाटली, कोणी मिरचीत पडले. घरात मारवाडी किंवा गुजराती, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरातून आलेल्या आदिवासी बांधवाशी त्याच्या बोलीतले चार शब्द आणि कागदावर मराठी, असा चार भाषांचा संसार त्यांनी चालविला. हे सारे कोणत्याही खातेवहीत लिहिलेले नाही. खातेवहीत रकमा आहेत. त्या रकमांमागची माणसे वृद्धांच्या स्मरणात आहेत.

‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले की बहुतेक ज्येष्ठ ‘आमचे काय सांगायचे’ म्हणून गप्प होतात. प्रश्न लहान आणि नेमका असावा. पहिली पथारी कोणत्या साली टाकली आणि त्या वर्षी मिरचीला भाव काय मिळाला? या गावात आपण प्रथम कोणाच्या ओसरीवर राहिलो? लग्न होऊन आल्यावर बांना येथील कोणती भाजी मुळीच ओळखता आली नाही? अडचणीच्या वर्षी कोणी विनातारण रक्कम दिली? दुकान पहिल्यांदा कोणाच्या भरवशावर सोडून यात्रेला गेलात? अशा एका प्रश्नाने अर्धा तास सहज निघतो आणि त्या अर्ध्या तासात नातवाला आपल्या आडनावाचा अर्थ कळतो.

सांगणारे केवळ घरचेच असावेत असेही नाही. तीस वर्षे गादीवर बसलेले मुनीमजी, हमालीचे काम केलेले काका, शेजारच्या मावशी, सासरी गेलेल्या मुली आणि आत्या, यांना आवर्जून बोलवावे. लेकींना माहेरच्या अशा गोष्टी आठवतात, ज्या मुलांनी कधी पाहिलेल्याच नसतात. जे येऊ शकत नाहीत त्यांनी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवावे. आठवण ज्या भाषेत जगली गेली त्याच भाषेत सांगू द्यावी. आजीच्या मारवाडीचे शुद्ध मराठी करण्याच्या भरात आजीच हरवते.

यासाठी एक वही करावी. दिवाळीला आपण नवी वही आणतो, तिच्यावर शुभ-लाभ लिहितो, पूजन करतो. तशीच एक लाल बांधणीची वही घरातील वाढदिवसांसाठी ठेवावी. प्रत्येक व्यक्तीला चार-सहा पाने द्यावीत. वर जन्माची तिथी आणि तारीख दोन्ही लिहावी, कारण पुष्कळ वृद्धांना तिथी पक्की ठाऊक असते आणि तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असते. खाली दरवर्षी त्या दिवशी सांगितलेली एखादी आठवण, सांगणाऱ्याचे नाव आणि दिनांक घालून उतरवावी. मोबाइलमधील मुद्रण मोबाइलसोबत जाते. वही माळ्यावर पडली तरी पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी हाती लागते.

जमेची बाजू

अशा बैठकीत एक पथ्य पाळावे. राग, रुसवे, वाटणीतील कटुता यांच्यासाठी संवत्सरीचा दिवस आहे. तेथे ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून खाते स्वच्छ करावे. वाढदिवशी जमेची बाजू वाचावी. या व्यक्तीकडून मला काय मिळाले, एवढेच प्रत्येकाने सांगावे. याचा अर्थ खोटी स्तुती करावी असा नाही. ‘त्या वर्षी पेढी बुडाली आणि भाभीने न सांगता आपल्या पाटल्या काढून दिल्या’ ही आठवण दुःखाचीही आहे आणि जमेचीही. अशी आठवण मुलांपासून लपवू नये. सुखाच्या दिवसांतून त्यांना घराण्याचे वैभव कळते. धीर मात्र कठीण दिवसांच्या गोष्टींतूनच शिकायला मिळतो.

सोहळ्याचा आटोपशीरपणाही येथे आपोआप साधतो. बैठक दुपारी ठेवावी, म्हणजे जेवण सूर्यास्ताआधी होते आणि चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना पाहुण्यांसारखे कडेला बसावे लागत नाही. निरांजनाने औक्षण करावे, ओठांना आवडीचा गोड घास लावावा आणि मग एकेकाने बोलावे. सजावटीवरचा खर्च वाचेल तो पांजरापोळीला किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या शुल्काला द्यावा. आपला जन्मदिवस चरख्याचा दिवस म्हणून पाळला जावा, अशी महात्मा गांधींची इच्छा होती. म्हणूनच भाद्रपद वद्य द्वादशी गुजरातेत ‘रेंटिया बारस’ म्हणून ओळखली जाते. माणसाचा दिवस त्याच्या आवडीच्या सत्कार्याने साजरा व्हावा, ही दृष्टी प्रत्येक घराला अंगीकारता येण्याजोगी आहे.

आणि जे आपल्यात नाहीत, त्यांचे काय? त्यांचा जन्मदिवस दिनदर्शिकेवरून पुसू नये. पुण्यतिथीला आपल्याला त्यांचे आजारपण आठवते, रुग्णालयाची ओसरी आठवते. जन्मदिवसाला त्यांचे चालणे, हसणे, दुकानाच्या कुलपाला तीनदा हात लावून पाहण्याची सवय आठवते. ज्या घरात अलीकडेच दुःख झाले आहे, तेथे पहिल्या वर्षी हा दिवस जड जातो. अशा वेळी जवळच्यांनी मुद्दाम जावे आणि सांत्वनाची ठरलेली वाक्ये बाजूला ठेवून त्या व्यक्तीची एखादी गोष्ट सांगावी, शक्यतो घरच्यांना ठाऊक नसलेली. राजा ध्रुवसेनाच्या कथेचा बोध तरी वेगळा काय आहे?

शिरीषकुमारच्या आईवडिलांना पंधरा वर्षांनंतर दरवर्षी २८ डिसेंबर कसा गेला असेल, हे आज कोणाला सांगता येणार नाही. गावाने त्यांच्या मुलाचा अभिमान बाळगला आणि तो रास्तच होता. मात्र त्यांच्या मनातला घरचा मुलगा त्यांच्यासोबतच गेला. आपल्या घरातील माणसांच्या बाबतीत ही उणीव राहू द्यावी की नाही, हे अजून आपल्या हाती आहे. घरात ज्यांचा वाढदिवस सर्वांत जवळ आला आहे त्यांची तिथी आज पाहून ठेवावी, एक वही आणावी आणि त्यांना विचारायचा पहिला प्रश्न तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.