बँड, उन्हाळा आणि ध्वनीचा वेग

ध्वनीचा हवेतील वेग किती, असा प्रश्न परीक्षेत आला की तुम्ही झटकन उत्तर लिहिता : दर सेकंदास सुमारे ३४० मीटर. उत्तर बरोबर असते आणि गुणही मिळतात. पण हा आकडा ध्यानात घेतला नाही, तर प्रत्यक्ष व्यवहारात कोणाचे काही अडते का? अडते तर! एखाद्या गावच्या बँडने हिवाळाभर केलेला सराव त्यापायी एका दिवसात वाया जाऊ शकतो. तो कसा, हे पाहण्यासाठी आपण इटली देशात जाऊ.

इटलीचा नकाशा उंच टाचेच्या बुटासारखा दिसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत. येथे प्रत्येक गावाचा एक रक्षक संत असतो आणि त्याचा उत्सव बहुधा उन्हाळ्यात येतो. उदाहरणार्थ, लेच्चे शहरातील संत ओरोन्त्सो यांचा उत्सव २४ ते २६ ऑगस्टला असतो. उत्सव म्हटला की रोषणाई आली, मिरवणूक आली आणि बँडही आलाच. इटालियन भाषेत बँडला ‘बांदा’ म्हणतात. कोन्वेर्सानो, स्क्विन्त्सानो, आक्वाविवा देल्ले फोन्ती ही लहान गावे तर बँडसाठीच नावाजलेली आहेत. गावोगावच्या बँडांत शाळेतील मुले असतात, तसेच कारागीर, दुकानदार आणि शिक्षकही असतात. प्रख्यात संगीतकार व्हेर्दी हेसुद्धा तरुणपणी उत्तर इटलीतील बुस्सेतो गावच्या बँडसाठी रचना करीत असत.

उत्सवाच्या दिवशी बँडला तीन कामे असतात. सकाळी गल्ल्यागल्ल्यांतून वाजवीत फिरायचे, संताच्या मिरवणुकीबरोबर चालायचे आणि रात्री चौकातील मंचावर बसून मैफल करायची. या तिन्ही कामांत बँडची गाठ ध्वनीच्या वेगाशी पडते.

चालत्या पथकाची अडचण

समजा, आपल्या बँडमध्ये ६० वादक आहेत. गल्ली अरुंद असल्याने ते चौघा-चौघांच्या १५ ओळी करून चालले आहेत. दोन ओळींमध्ये दीड मीटर अंतर धरले, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचे अंतर २१ मीटर भरते. उन्हाळी हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदास ३५० मीटर धरू. म्हणजे पहिल्या ओळीतील ढोलाचा ठोका शेवटच्या ओळीला ०.०६ सेकंदाने ऐकू येतो.

एवढ्याशा वेळाने काय होते, असे तुम्ही म्हणाल. थोडे पुढे पाहा. कसलेला वादक ठोका ऐकून मग वाजवायला लागतो असे नाही. तो लय मनात धरतो आणि कानी पडणाऱ्या ठोक्यावर आपला सूर नेमका बसवतो. शेवटच्या ओळीतील वादक ढोल ऐकून वाजवतो, म्हणजे ढोलामागून ०.०६ सेकंदाने वाजवतो. पण त्याचा सूर पथकाच्या पुढे उभ्या असलेल्या श्रोत्याकडे जायला आणखी ०.०६ सेकंद लागतात. त्यामुळे त्या श्रोत्याला ढोल आधी ऐकू येतो आणि शेवटच्या ओळीचा सूर ०.१२ सेकंदाने. मधल्या ओळींचे सूर या दोहोंच्या दरम्यान विखुरतात. मिनिटाला १२० पावले अशी चाल असेल, तर एका पावलाला अर्धा सेकंद मिळतो. त्यातला जवळजवळ पाव भाग मागे पडला, तर गाण्याच्या चिंध्याच होणार!

आता गंमत पाहा. त्याच वेळी पथकाच्या मागे उभ्या असलेल्या श्रोत्याला मात्र सारे एकदम ऐकू येते. ढोलाचा ठोका पुढून मागे येत असताना ज्या ज्या ओळीपाशी पोहोचतो, तेथे त्याच क्षणी त्या ओळीचा सूर निघतो आणि दोघे मिळून पुढचा प्रवास करतात. वादक तेच, वाजवणे तेच. एका श्रोत्याला बँड बेताल वाटतो, तर दुसऱ्याला सुरेख!

मग उपाय काय? ढोल मागच्या ओळीत ठेवला, तर वरचे सारे उलटे होते. ठोका मागून पुढे सरकतो, प्रत्येक ओळ त्याला साथ देते आणि पुढे उभ्या असलेल्यांना बँड एकजीव ऐकू येतो. ढोल मध्ये ठेवला, तर पुढच्या किंवा मागच्या श्रोत्याला जाणवणारा विलंब जास्तीत जास्त ०.०६ सेकंद, म्हणजे आधीच्या निम्मा होतो. मैदानावर कवायत करीत वाजवणाऱ्या अमेरिकेतील पथकांत तर ‘मागचा आवाज ऐकून वाजवा’ हा नेहमीचा धडा आहे.

तिसरा उपाय म्हणजे कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवणे. प्रकाशाचा वेग दर सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर. त्यामुळे बँडमास्तरच्या हाताची खूण किंवा पुढच्याचे पाऊल सर्वांना जणू एकाच क्षणी दिसते. इटलीच्या सैन्यात १८३६ साली स्थापन झालेले बेर्साल्येरी नावाचे दल आहे. त्यांचा बँड चक्क धावत वाजवतो. त्यांची चाल मिनिटाला सुमारे १८० पावलांची आणि वाद्ये केवळ पितळी. येथे एका पावलाला जेमतेम एक तृतीयांश सेकंद मिळतो. आपल्या हिशेबातला ०.१२ सेकंदांचा विलंब येथे पावलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होईल. चाल जितकी जलद, तितका ध्वनीचा आळस अधिक नडतो.

तापलेला सूर

सकाळी लावलेला सूर दुपारच्या मिरवणुकीत टिकत नाही, याचेही कारण ध्वनीचा वेगच. फुंकून वाजवण्याच्या वाद्यात कंप पावतो तो आतला वायुस्तंभ. नळीची लांबी ठरलेली असल्याने निर्माण होणाऱ्या तरंगाची लांबीही ठरलेली असते. तुम्ही शिकलेले सूत्र आठवा : वेग = कंपनसंख्या × तरंगलांबी. तरंगलांबी कायम राहिली आणि वेग वाढला, तर कंपनसंख्या वाढलीच पाहिजे. म्हणजेच सूर चढतो.

वेग किती वाढतो? हवेचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की ध्वनीचा वेग दर सेकंदास सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ० अंशाला तो ३३१ मीटर असतो. त्यावरून २० अंशाला ३४३ आणि ३५ अंशाला ३५२ मीटर येतो. ही वाढ शेकडा २.६ आहे. वाद्यातला सगळा वायुस्तंभ एवढा तापला, तर ४४० कंपनांचा सूर सुमारे ४५१ वर जाईल. सा आणि कोमल रे यांमधील अंतराच्या निम्म्याहून ही वाढ थोडीच कमी आहे. साध्या कानालाही ती खुपते.

उष्णतेने पितळी नळीही प्रसरण पावते, मग सूर उतरायला नको का, अशी शंका तुमच्यापैकी कोणी चाणाक्ष विद्यार्थी काढील. शंका रास्त आहे. पण १५ अंश तापमानवाढीने पितळेची लांबी शेकडा ०.०३ एवढीच वाढते. २.६ पुढे तिची मातब्बरी ती काय!

खरी पंचाईत अशी, की सगळी वाद्ये सारखी चढत नाहीत. वादकाचा श्वास मुळातच उबदार असतो. त्यामुळे लहान वाद्यातील हवा तो आधीच तापवून ठेवतो आणि बाहेरच्या हवेचा त्यावर कमी परिणाम होतो. ट्युबासारख्या कित्येक मीटर लांब नळीत मात्र श्वासाची ऊब शेवटपर्यंत टिकत नाही, म्हणून ट्युबा बाहेरच्या तापमानाप्रमाणे अधिक बदलतो. पोलादी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचे वाद्य तर चढण्याऐवजी किंचित उतरते. दोन वाद्यांचे सूर ४४० आणि ४४४ झाले, तर दोहोंचा मिळून आवाज सेकंदाला चार वेळा लहानमोठा होतो. बँडमास्तर याच थरथरीवरून चूक ओळखतो.

मग वादक काय करतो? ट्रंपेटची नळी सुमारे १.४ मीटर लांब असते. शेकडा २.६ चढ घालवायचा, तर ती ३.६ सेंटिमीटरने लांब करायला हवी. ट्रंपेटमध्ये त्यासाठी सरकणारी वाकडी नळी असते. तिच्या दोन्ही बाजू एकदम लांबतात, म्हणून ती १.८ सेंटिमीटर ओढली की काम भागते. वर सांगितलेली श्वासाची ऊब जमेस धरली, तर प्रत्यक्षात याहूनही कमी पुरते. क्लॅरिनेटवाला तोंडाजवळचा जोड थोडा बाहेर ओढतो.

तापमानाचे हे महत्त्व राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. १८५९ साली फ्रान्स सरकारने प्रमाण सूर ठरवला, तेव्हा नुसती ४३५ कंपने असे न म्हणता ‘१५ अंश तापमानास’ अशी अट घातली. आजचा ४४० हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला.

रात्रीची मैफल

रात्री बँड चौकातील गोल मंचावर बसतो. पुलियात अशा मंचाला ‘कास्सा आर्मोनिका’ म्हणतात. हा लाकडी मंच जमिनीपासून उंच असतो. त्याला कडेने खांब आणि वर घुमट असतो आणि सारा मंच दिव्यांनी झगमगत असतो. येथे बँड चालीऐवजी ऑपेरा, म्हणजे संगीत नाटके वाजवतो. गायकांच्या जागी ट्रंपेटच्या जातीची ‘फ्लिकोर्नो’ नावाची वाद्ये गातात. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका नव्हत्या त्या काळी येथील कित्येक सामान्य लोकांनी ऑपेरा ऐकला तो बँडकडूनच.

उघड्या जागी ध्वनी चोहीकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता एक चतुर्थांश उरते. सकाळी गल्लीतील दोन्ही भिंती ध्वनी परावर्तित करून त्याला सांभाळत होत्या. चौकात तो आधार नाही. येथे घुमट मदतीला येतो. वर जाणारा काही ध्वनी तो खाली परतवतो, त्यामुळे वादकांना एकमेकांचे सूर नीट ऐकू येतात. शिवाय सारे दाटीने गोलाकार बसलेले असतात. मंचाचा व्यास १० मीटर धरला, तर या टोकाचा सूर त्या टोकाला ०.०३ सेकंदात पोहोचतो. रस्त्यावरच्या २१ मीटर लांब पथकाला न जमणाऱ्या नाजूक जागा येथे जमतात, त्या यामुळेच.

रात्रीची हवाही साथ देते. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण होते. ध्वनितरंगाचा खालचा भाग जलद जातो आणि तरंग वर वळतो. दूरच्या माणसाच्या डोक्यावरून आवाज निघून जातो. रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या शेतांवरची जमीन लवकर निवते, खालची हवा थंड होते आणि तरंग खाली वळतो. प्रकाशाप्रमाणे ध्वनीचेही वक्रीभवन होते ते असे. गावातील दगडी फरसबंदी बराच वेळ ऊब धरून ठेवते, म्हणून हा परिणाम चौकापेक्षा गावाबाहेर अधिक जाणवतो. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल, तर ऑलिव्हच्या बागांपलीकडच्या घरीही बँड ऐकू येतो.

तुम्हीही करून पाहा

हा सारा हिशेब तुम्हाला शाळेच्या मैदानावर ताडून पाहता येईल. एका मित्राला घड्याळाच्या आधाराने सेकंदाला दोन अशा एकसारख्या लयीत ढोल वाजवायला सांगा. टिपरू उंच उचलून वाजवले म्हणजे ते लांबून नीट दिसेल. तुम्ही त्याच्याकडे पाहत पाहत दूर चालू लागा. आधी टिपरू पडताना दिसणे आणि आवाज ऐकू येणे एकाच वेळी होईल. पुढे आवाज मागे मागे पडेल. दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर आवाज ऐकू आला की थांबा आणि फितीने अंतर मोजा. हे अंतर ध्वनीने पाव सेकंदात कापले आहे. त्याला ४ ने गुणा. हवा २८ अंशांची असेल, तर अंतर ८७ मीटरच्या आसपास येईल आणि वेग दर सेकंदास सुमारे ३४८ मीटर.

शाळेत बँडपथक असेल तर आणखी एक प्रयोग करता येईल. शिक्षकांनी ढोल एकदा पुढच्या ओळीत आणि एकदा मागच्या ओळीत ठेवून तीच चाल वाजवायला सांगावी. निम्म्या विद्यार्थ्यांनी पथकाच्या पुढे आणि निम्म्यांनी मागे उभे राहून ऐकावे आणि बँड कोठे एकजीव वाटला व कोठे फाटला, ते आपापल्या वहीत लिहावे. वह्या ताडून पाहताना दोन्ही गटांत वाद होईल. तो होऊ द्यावा. दोन्ही बाजू खऱ्या असतील, आणि त्या का खऱ्या, हे सांगण्यासाठी फळ्यावर फक्त दोनच आकडे लिहावे लागतील : पथकाची लांबी आणि ध्वनीचा वेग.