शेत की प्लॉट?

पनवेलमध्ये ‘प्लॉट विकणे आहे’ हा बोर्ड मी रोज बघतो. सोस्यूरपासून आलेला संरचनावाद सांगतो, की शब्दाला अर्थ मिळतो तो इतर शब्दांहून वेगळा असल्यामुळे. ‘प्लॉट’ कळतो, कारण तो ‘शेत’ नाही. मार्क्सवाद विचारतो: शेताचा प्लॉट केला कुणी? फायदा कुणाचा?

नवी मुंबईसाठी इथली भातशेती गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आज एजंट नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हणतो आणि भाव सांगतो. त्या आकड्यातले पाच जण ऐकू यावेत, म्हणून मला दोन्ही सिद्धांत लागतात.

तुमच्या गावात कुठला शब्द बदलला? व्हॉइस नोट पाठवा.