होडीचें डिझेल एंजिन सुरू न झाल्यास

पावसाळाभर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेस पाण्यांत लोटावी आणि एंजिनानें दाद देऊं नये, हा अनुभव रेवदंडा-मुरुडकडील शेतकऱ्यांस नवा नाहीं. अशा वेळीं पाना हातीं घेण्यापूर्वीं धुराच्या नळीकडे पाहावें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलें तें हेंच.

एंजिन फिरत असूनही धूर मुळींच नसेल, तर तेल पोंचत नाहीं असें समजावें. टाकीचा कॉक उघडा आहे ना? हंसूं नये, पुष्कळदां तोच बंद असतो. एरवीं बहुधा नळींत हवा शिरलेली असते. गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, व बुडबुडे थांबून नितळ तेल येतांच स्क्रू आवळावा. टाकीच्या तळाचें पाणीही काढावें. तें तेलाहून जड असल्यामुळें खालीं बसतें.

पांढरा धूर येत असल्यास तेल पोंचतें, पण पेटत नाहीं. खाऱ्या हवेनें बॅटरीचीं टोकें हिरवीं पडून एंजिन मंद फिरत असेल, तर तीं घासावीं. तरीही धूर तसाच राहिला, तर झडपा व पिस्टनच्या रिंगा तपासणें हें मिस्त्रीचें काम.

हें सर्व होडी दोरानें बांधलेली असतांनाच करावें. ओहोटी लागल्यावर बंद एंजिनाची होडी खाडीच्या मुखांतून बाहेर ओढली जाते.