झान म्हणजे चमत्कार नव्हे : चार ध्याने समजून घेऊ या

गळीत हंगाम सुरू झाला की अंकुशनगरात रात्री उशिरापर्यंत उसाच्या गाड्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणी ध्यानाला बसणाऱ्या तरुणाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. काही दिसलं का? आणि चळवळ सोडून हे कशाला?

पालि साहित्यात खोल एकाग्रतेला 'झान' म्हणतात. कामच्छंद, द्वेष, आळस, अस्वस्थता-पश्चात्ताप आणि शंका ही पाच नीवरणे शांत झाली की पहिले ध्यान लाभते. त्यात वितर्क, विचार, प्रीती, सुख आणि एकाग्रता असते. दुसऱ्या ध्यानात वितर्क-विचार थांबतात, तिसऱ्यात प्रीती ओसरते, चौथ्यात सुख-दुःखही मागे पडून उपेक्षा आणि शुद्ध स्मृती उरते.

सुरुवात साध्या आनापानाने करावी. पाठ ताठ ठेवून बसावे, नैसर्गिक श्वास जाणावा. मन भटकले की न चिडता परत आणावे. पुढे अंगावर रोमांच येतात, शरीर हलके वाटते, काहींना प्रकाशही जाणवतो. त्यामागे धावू नये. लक्ष श्वासावरच ठेवावे. हे अनुभव वाटेवरचे आहेत, मुक्काम नव्हे. आज बसलो आणि उद्या झान लाभले, असेही होत नाही. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील, तर दीर्घ शिबिराआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सिद्धार्थ गौतमांनी आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे याहूनही सूक्ष्म अवस्था साध्य केल्या. तरीही दुःखमुक्तीचा मार्ग तिथे संपत नाही हे ओळखून ते पुढे निघाले.

1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबही हाच भेद करतात. नुसती समाधी नीवरणांना तात्पुरती थोपवते. सम्यक समाधी मनाला कायम कुशल विचारांची सवय लावते. म्हणून चळवळ सोडून ध्यान करायचे नसते, चळवळीसाठी मन तयार करायचे असते. बैठकीत विरोधी मत ऐकताना राग आवरतो का, अन्यायग्रस्ताच्या बाजूने शांतपणे पण ठाम उभे राहता येते का, व्यसनाचा मोह सुटतो का, हे स्वतःलाच विचारावे.

"काही दिसलं का?" याचे उत्तर आपल्या वागण्यातून मिळू द्या. नमो बुद्धाय, जय भीम!