धरणात मासे येतात कुठून?

पावसाळ्यात बाजारातून आणलेला रोहू साफ करताना पोटातून गाभोळी निघाली की तुमच्या घरी कोण सगळ्यात जास्त खूश होतं? आमच्याकडे तर ती कोणाच्या ताटात जाणार, यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. पण पुढच्या वेळी ती कढईत टाकण्याआधी मिनिटभर थांबा. मोठ्या रोहूच्या एका गाभोळीत लाखांनी अंडी असतात. हा मासा आला कुठून आणि ही अंडी कुठे जाणार होती, हे आपल्याला माहीत असतं का?

रायपूरच्या बूढापाऱ्यात बूढा तालाबच्या काठावर संध्याकाळी फिरायला आलेली मुलं हमखास विचारतात, "एवढ्या पाण्यात मासे येतात कुठून?" मोठी माणसं सांगून मोकळी होतात, "पाणी आहे म्हटल्यावर मासे असणारच!" हे उत्तर किती अपुरं आहे, ते कळतं गंगरेल धरणावर गेल्यावर.

रायपूरहून सुमारे ९० किलोमीटरवर, धमतरी जिल्ह्यात महानदीवर हे धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव रविशंकर सागर. तो काठोकाठ भरला की ३२ टीएमसी पाणी साठतं. ५,००० हेक्टरपेक्षा मोठ्या जलाशयाला आपल्या देशात 'मोठा जलाशय' म्हणतात. गंगरेल त्याहून बराच मोठा आहे. पाहणाऱ्याला वाटतं, इथे मासळीला काय तोटा! पण धरणात पाणी पावसाने भरतं, मासळी मात्र बऱ्याच अंशी माणसाला भरावी लागते.

बाळंतपणाला माहेरी

कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे नदीतले मासे. बाळंतपणाला लेक माहेरी जाते, तसे हे मासे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जातात आणि पुराचं पाणी पसरलेल्या उथळ काठांवर अंडी घालतात. धरणाची भिंत हा रस्ता अडवते. साचलेल्या पाण्यात त्यांच्या पोटात गाभोळी तयार होते, पण वाहत्या पाण्याची चाहूल लागल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. धरणाला मिळणाऱ्या नदीत थोडीफार वीण होते; तेवढ्यावर एवढा मोठा जलाशय भरत नाही.

पूर्वी पुराच्या वेळी नदीतूनच पिल्लं गोळा करत. त्यात नको त्या माशांचीही भेसळ असे. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हौदासारख्या बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. तो दिवस आज 'राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन' म्हणून पाळला जातो.

जिरे, बीज, बोटुकली

बीज केंद्रात अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना 'मत्स्यजिरे' म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढीच दिसतात. थोडी वाढली की ते 'मत्स्यबीज' आणि बोटाएवढी झाली की 'बोटुकली'. धरणात सोडायची ती बोटुकलीच, शक्यतो ८ ते १० सेंटिमीटरची. जिरे सोडले तर ते मरळ आणि शिवड्यासारख्या शिकारी माशांचा नाश्ता ठरतात.

सोडायचीही एक पद्धत आहे. धरणाचं पाणी सांडव्यावरून वाहायचं थांबलं की सकाळच्या गारव्यात, दरवाजांपासून दूर, शांत काठावर बोटुकली नेतात. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आधी पंधरा-वीस मिनिटं तशाच पाण्यावर तरंगत ठेवतात. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की मग तोंड उघडतात.

तिन्ही जाती एकत्र सोडण्यामागेही हिशेब आहे. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या थरातलं आणि मृगळ तळातलं. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात जात नाही. वेगळं खाद्य टाकावं लागत नाही. पण हेक्टरी ५०० बोटुकली धरली, तरी ५,००० हेक्टरला २५ लाख लागतात!

परदेशातल्या थंड तळ्यांत ट्राउट असाच पिल्लं वाढवून सोडतात. आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या गार पाण्यात रमला. महानदीचं कोमट पाणी त्याला सोसणार नाही. मासा वेगळा, पण नियम तोच: जेवढं काढायचं, तेवढं आधी घालायला हवं.

घालणारा आणि थांबणारा

खरी अडचण बोटुकली सोडल्यानंतर सुरू होते. बारीक आसाचं जाळं टाकून तीच बोटुकली चार महिन्यांत काढली, तर सगळी मेहनत पाण्यात. थांबलं तर तोच मासा किलोच्या पुढे जातो.

थांबणं कोणाला जमतं? ज्याला पुढच्या वर्षीही तिथेच मासे धरायचे आहेत, त्याला. मध्य प्रदेशातल्या तवा धरणाने ज्यांची गावं बुडाली, त्या आदिवासींना १९९६ मध्ये तिथल्या मासेमारीचा हक्क मिळाला. त्यांच्या तवा मत्स्य संघाने स्वतः बीज सोडलं, बंदीचा काळ पाळला आणि उत्पादन वाढवून दाखवलं. २००६ मध्ये पट्ट्याची मुदत संपली आणि तो हक्कही गेला. गंगरेलच्या पाण्याखालीही गावं गेली आहेत. म्हणून बोटुकली वाचवणं म्हणजे काठावरच्या घरांची चूल वाचवणं.

आपल्या हातात काय?

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या आणि धरणांत मासेमारीला बंदी असते. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नदीशी न जोडलेल्या तळ्यांतले आणि पिंजऱ्यांत पाळलेले मासे मात्र या काळातही विकता येतात. म्हणून या दोन महिन्यांत मासेवाल्याला विचारा, "भाऊ, तळ्याचा की धरणाचा?" तळ्यातल्या माशाची गाभोळी खुशाल तळा. धरणातली मात्र पुढच्या पिढीची आहे.

दुसरं, हाताएवढा कटला-रोहू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर बारीक जाळंही पडणार नाही.

आणि तिसरं मुलांसाठी: घरच्या काचपेटीतला मासा नकोसा झाला, तर तळ्यात किंवा नदीत सोडू नका. काचपेटीतला सकर मासा आज उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि खायला तो कोणी घेत नाही.

पुढच्या वेळी धरणाच्या काठावर मुलांनी विचारलं, "मासे येतात कुठून?" तर सांगा, "कोणीतरी सोडतं आणि कोणीतरी थांबतं, म्हणून येतात." सोडायचं काम आपलं नाही. थांबायचं मात्र आपल्यालाही जमेल.