बेथ एल : पनवेलमधलं देवाचं घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेल म्हटलं की कुणाला कर्नाळा आठवतो, कुणाला शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. पण याच जुन्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं यहुद्यांचं एक सिनेगॉग आहे, हे शेजारून रोज जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानातही नसतं.

त्याचं नाव 'बेथ एल'. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचं घर. बायबलमधल्या कथेत प्रवासी याकोब दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला देवदर्शन होतं. सकाळी तोच दगड तो स्मृतिस्तंभासारखा उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला 'बेथ एल' म्हणतो.

तेलाशी आपल्या बेने इस्रायल समाजाचंही जुनं नातं. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावांवरून पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी आडनावं पडली आणि घरची बोली मराठी झाली.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. पश्चिमेला, जेरुसलेमच्या दिशेनं, एका कपाटात चामड्यावर हातानं लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. दिवंगतांसाठी म्हणायची 'कद्दीश' ही प्रार्थनाही त्या दहांवाचून होत नाही.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झालं आणि कोकणातली कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे गेली. तिथंही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. पण इथल्या गावोगावी दहा माणसं जमवणं अवघड झालं. म्हणजे अडचण नुसती जिवंतांची नाही, गेलेल्यांचीही! महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. गेलेली माणसं काही त्यानं परत येत नाहीत.

त्या दहांत आम्हा शेजाऱ्यांची गणती होत नाही. पण कोकणातल्या त्यांच्या कबरस्तानांत शिलालेखांवर हिब्रूच्या जोडीला मराठीही कोरलेली आहे. ती तर आपल्याला वाचता येते. निदान ती नावं वाचावीत, आणि त्या दगडांवर रान माजू देऊ नये.